पाळीच्या दुखण्यासाठी लॅपरोस्कोपी: जाण्याआधी काय काय बघायचं

पाळीत असह्य दुखतं म्हणून दुर्बिणीची तपासणी ठरली असेल, तर आधी एवढं विचारा: आत एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) निघालं तर त्याच वेळी काढणार, की नुसतं बघून टाके घालणार? मागच्या वेळी माझं हेच विचारायचं राहिलं. त्याचे डाग दिसले, निदान झालं, पण काढायचं ठरलेलंच नव्हतं. मग पुन्हा भूल, पुन्हा टाके. संमतीपत्र आधीच मागून घ्या आणि स्वतः वाचा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, हाताला सलाइन लावलेलं असताना, कुणाचंही वाचून होत नाही. बीजकोशात चॉकलेट सिस्ट (याच आजाराची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) निघाली तर काय? आतड्याला चिकटलेलं असलं तर? तिथे दुसरा सर्जन लागू शकतो, तो त्या दिवशी असेल का? पुढे मूल हवं असेल तर तेही स्पष्ट सांगा, बीजकोशाला किती हात लावायचा ते त्यावर ठरतं. सगळं लिहून घ्या. तोंडी नको.

सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणजे आत काही नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकून गप्प बसू नका. बारीक डाग सोनोग्राफीत बहुतेकदा दिसतच नाहीत. दुखण्याची नोंद ठेवा: कुठल्या दिवशी, कुठे, शौचाला जाताना दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का. लाजून गाळाल तेच डॉक्टरांच्या नेमकं कामाचं असतं.

चालू गोळ्यांची यादी द्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा, मनाने बंद करू नका. जेवण साधारण 6 तास आधी आणि साधं पाणी 2 तास आधी थांबवतात, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम. नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. फाइल, दागिने, सोबतीचं माणूस हे सांगायला नको. मात्र त्या माणसाला संमतीपत्रात काय ठरलंय ते माहीत हवं. तुम्ही भुलीत असताना डॉक्टर त्यालाच विचारायला बाहेर येऊ शकतात.

कपडे सैल न्या. एक छेद बेंबीपाशी असतो, तिथे इलॅस्टिक रुततं. पॅड न्या, थोडं रक्त जातं. नंतर खांदा दुखू शकतो. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) चुरचुरतं आणि ते खांद्यात जाणवतं. थोडं चाला, एक-दोन दिवसांत कमी होतं. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खूप रक्तस्राव किंवा लघवी अडकणं यातलं काहीही झालं तर वाट बघू नका, लगेच फोन करा.

घरी आल्यावर वजन उचलायचं नाही, गाडी लगेच चालवायची नाही. ऑपरेशन नोट, आतले फोटो आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. पहिली पाळी जास्त दुखू शकते. आजार परत येऊ शकतो, म्हणून पुढे हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी सुचवतात. तांबी त्याच भुलीत बसवता येते, पण आधी ठरलेलं असेल तरच. तेही संमतीपत्रात लिहून घ्या.