बाळासाठी भेटवस्तूंची यादी: काय, किती आणि कोणत्या मापाचं मागावं

गिफ्ट रजिस्ट्री, म्हणजे बाळासाठी हव्या असलेल्या भेटींची ऑनलाइन यादी, करायला बसलं की डोळ्यांसमोर असतं ते पहिल्या महिन्यातलं बाळ. मग ढीगभर इवलीशी झबली येतात आणि सहाव्या महिन्यात बाळाला भरवायला बसवायची खुर्ची मात्र घरात नसते. यादी पहिल्या वर्षाची करायची, हे एकदा ठरवलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास यादीला हात घाला, अठ्ठाविसाव्यापर्यंत ती लोकांना पाठवा. लागणाऱ्या वस्तू छत्तिसाव्या आठवड्याला घरात हव्यात, कारण सदतिसाव्यानंतर बाळंतपण कधीही होऊ शकतं, आणि काही बाळं त्याआधीच येतात. यादीत पहिली वस्तू टाकण्यापूर्वी घरात काय आहे आणि नातेवाइकांकडून काय येणार आहे, ते लिहून काढा. वापरलेले कपडे, पुस्तकं, आंघोळीचा टब खुशाल घ्या.

कपड्यांत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. नवजात मापाचे कपडे अनेक बाळांना महिन्याभरातच तोकडे होतात, अंगाने भरलेल्या बाळाला तर पहिल्या दिवशीही बसत नाहीत. या मापाचे पाच-सहा पुरेत, 0 ते 3 महिन्यांचे सात-आठ. उरलेली सगळी मागणी 3 ते 6, 6 ते 9 आणि 9 ते 12 महिन्यांच्या मापात टाका. हे करताना महिने मोजा. मार्चमध्ये बाळ येणार असेल तर 6 ते 9 महिन्यांचे कपडे सप्टेंबर ते डिसेंबर या काळात अंगावर असतील. त्या महिन्यांत तुमच्याकडे हवा कशी असते, त्यावरून बाह्या आणि कापड ठरवा. हा हिशेब चुकला की लोकरीचा सुंदर स्वेटर ऐन उकाड्यात मापाला येतो. सुरुवातीचे कपडे समोरून उघडणारे हवेत, कारण मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यावरून काही घालणं ही कसरत असते. गळ्याशी नाड्या, दोऱ्या किंवा सहज सुटणारी बटणं असलेले कपडे नकोतच.

नवजात बाळाला दिवसाला 8 ते 12 डायपर लागतात, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. तरी सगळ्यात लहान मापाची एक-दोनच पाकिटं मागा, पुढच्या दोन मापांची जास्त. पाकिटावर किलोतली वजनमर्यादा छापलेली असते. बाळाचं वय न बघता तीच बघायची. कापडी लंगोट वापरणार असाल आणि एक दिवसाआड धुणार असाल, तर 20 ते 24 लागतात. मऊ मलमलचे चौकोनी कपडे दहा-बारा मागा. दूध पुसायला, खाली अंथरायला, उन्हात आडोसा करायला सगळीकडे तेच हाताशी येतात. फक्त बाबागाडीवर ते झाकण म्हणून टाकू नका, आत हवा कोंडून उष्णता झपाट्याने वाढते.

झोपण्याच्या सामानाचा निर्णय भेट देणाऱ्यावर सोडू नका. पाळणा किंवा कॉट, त्यात बसणारी टणक सपाट गादी आणि तिच्या मापाच्या तीन-चार घट्ट बसणाऱ्या चादरी, एवढंच हवं. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं शिरत असतील तर गादी लहान आहे. कठड्याच्या गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या वर नको. उशी, रजई, कठड्याला लावायची मऊ पॅडिंग आणि कॉटमध्ये ठेवायची खेळणी ही यादीत नकोत, कारण बाळाचं नाकतोंड त्यांत दाबलं जाऊन श्वास कोंडू शकतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने या पॅडिंगवर बंदी आली. दुकानांच्या तयार ‘संपूर्ण बेड सेट’मध्ये नेमक्या याच गोष्टी असतात, त्यामुळे तो सेट दिसायला कितीही गोड असला तरी चादरी सुट्ट्या मागा. पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी घ्या. तिच्यावर टॉग हा आकडा असतो, म्हणजे पिशवी किती ऊबदार आहे त्याचं माप: खोली 20 ते 24 अंशांची असेल तर 1, त्याहून गरम असेल तर 0.5. बाळाला घट्ट गुंडाळायची कापडं दोन-तीन पुरे, कारण ते पालथं पडण्याची चिन्हं दाखवू लागलं की गुंडाळणं बंद करावं लागतं.

कार सीट स्वतः निवडा, आपल्या गाडीत बसवून बघा आणि मगच तोच मॉडेल यादीत टाका. सीटचा उतार आणि गाडीचा पट्टा जुळला नाही तर महागडी सीटही सैल बसते. संयुक्त राष्ट्रांच्या आर 129 मानकानुसार निदान 15 महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीच लावू नये. वापरलेली सीट अपघातातून गेली आहे का, हे बघून कळत नाही, म्हणून जुनी घेऊ नका.

वॉकर मागूच नका. पायऱ्यांवरून पडण्याच्या धोक्यामुळे कॅनडाने 2004 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. शिवाय त्याने बाळ लवकर चालतं, असंही काही नाही.

अंगावर पाजणार असलात तरी संथ प्रवाहाच्या दोन लहान बाटल्या घरात असू द्या. एकाच प्रकारच्या डझनभर बाटल्यांचा संच नको. बाळाने त्या बाटलीचं निपल तोंडात धरलं नाही तर सगळा संच पडून राहतो. डिजिटल थर्मामीटर मात्र हवाच. तीन महिन्यांखालच्या बाळाचं तापमान 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त दिसलं तर लगेच डॉक्टर गाठायचा असतो, आणि हा निर्णय कपाळाला हात लावून होत नाही.

लोकांच्या खिशाचाही विचार करा. निम्म्याहून जास्त वस्तू स्वस्त ठेवा. बाबागाडी, कॉट, उंच खुर्ची अशा दोन-तीन मोठ्या वस्तूंना ‘अनेकांनी मिळून द्यायची भेट’ असा पर्याय लावा. प्रत्येक वस्तूखाली ओळभर सूचना लिहा, जसं की ‘माप हेच हवं, रंग कोणताही’. ही ओळ नसली की चांगल्या मनाचा माणूस सुंदर पण चुकीच्या मापाचं काहीतरी घेऊन येतो. वस्तूच नको असेल तर मदत मागायलाही हरकत नाही: दोन तास बाळ सांभाळणं, आठवड्याचे कपडे धुऊन देणं.

यादी नावाने शोधता येणार नाही, फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल, अशी सेटिंग ठेवा आणि घरचा पत्ता लपवा. एकच वस्तू दोनदा येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी ती दुसऱ्या दुकानातून घेतो आणि यादीत ‘घेतली’ अशी खूण करत नाही. म्हणून यादी पाठवतानाच ती खूण कुठे करायची ते सांगा, आणि आठवड्यातून एकदा स्वतः नजर टाका. आलेल्या भेटीची तारीख आणि देणाऱ्याचं नाव लगेच टिपून ठेवा.

परत करण्याची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजतात की घरी पोचल्यापासून, हे दुकानाला आधी विचारा. खोकी उघडा, वस्तू तपासा, पण मोठ्या मापाच्या कपड्यांची लेबलं बाळाच्या अंगावर चढेपर्यंत कापू नका.