ग्रामपंचायतीला उभं राहताय? मग एवढं करून ठेवा

मी दारव्हा तालुक्यातला. दोनदा उभा राहिलो, पहिल्यांदा नऊ मतांनी पडलो. मतदानाच्या आदल्या रात्री मी शेतात ओलिताला गेलो आणि इकडे गावात उठवलं, मी बसलो, म्हणजे माघार घेतली म्हणून. पहाटे परतलो तर शेजारची काकू ओट्यावरून विचारते, "तुमी बसले म्हन्ते ना जी, मंग कोनाले टाकाचं?" तोवर अर्ध्या वस्तीचं ठरून गेलं होतं.

माघारीची मुदत संपली की कोणालाच बसता येत नाही, पण हे गावात ठाऊक नसतं. म्हणून चिन्हवाटप झालं की अंतिम यादीचा फोटो घ्या, घरोघरी दाखवा आणि तोंडाने सांगा: "आता मला बसताच येत नाही, कोणी म्हटलं तर फोन लावा." दुसऱ्या खेपेला मी हेच केलं, ओलित भावावर सोपवलं आणि आदल्या रात्री गावातच राहिलो.

समोरच्यांनी तुमच्याच नावा-आडनावाचा माणूस उभा केला, तर नाव सोडा, चिन्ह पाठ करून घ्या. म्हाताऱ्यांना ते कागदावर दाखवा.

उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या आधी घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावत्या फाईलला लावा. घराचा ओटा सरकारी जागेत गेला असेल तर आधी काढा. अतिक्रमणावरून निवडून आलेलं पदही जातं.

सगळ्यात वाईट वाटतं ते उधारीचं. "मत नाही तर खत-बियाणं उधार नाही," असा दम माझ्या ओळखीच्या दोन घरांना मिळाला होता. असा दम मिळालेल्या माणसाला आपल्या प्रचारात ओढू नका. मत कोणाला पडलं ते मशीन कोणालाच सांगत नाही, एवढंच त्याला एकांतात समजावा.

रात्री दाराखालून बदनामीचं पत्रक आलं तर फाडू नका. कुठे, किती वाजता सापडलं ते लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मोबाईलवरचा मजकूर पुसू नका, मूळ फोन जपा. मोबाईलवरच्या पुराव्याला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे. पोरं म्हणतील, आपणही एक पत्रक काढू. काढू देऊ नका. माझ्या पुतण्याने मजकूर लिहून आणला होता, मी तो चुलीत टाकला. तो ज्या घराबद्दल होता, त्या घरच्या सुनेला याच गावात राहायचं होतं.

तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. निकालाला आव्हान द्यायचं तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. मी पडलो तेव्हा वकिलाकडे विसाव्या दिवशी पोचलो होतो.