उमेला कात्री लावायच्या आधी झाड ओळखा (जानेवारी ते मार्चची कामं)

नमस्कार मंडळी. जपानमध्ये आपल्यापैकी ज्यांच्या घरामागे किंवा भाड्याने घेतलेल्या छोट्या शेतात उमेचं (ज्याला जपानी प्लम म्हणतात त्याचं) झाड आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण जानेवारी आला की तेच दोन फोन येतात, एक म्हणजे झाड फुलांनी लदलं होतं पण फळ धरलंच नाही आणि दुसरा म्हणजे छाटणी केली आणि फुलंच गायब. मी नाशिककडचा, द्राक्षाच्या घरातला, सध्या वाकायामात उमेच्या बागेत काम करतो, आणि माझा अनुभव असा की यातल्या बऱ्याचशा अडचणी झाड नक्की कुठल्या जातीचं आहे हेच माहीत नसल्यामुळे होतात.

आधी नावाचा घोळ सोडवू. सगळीकडे याला प्लम म्हणतात म्हणून आपल्याला आलुबुखार वाटतो, पण उमे हा जर्दाळूचा सख्खा भाऊ आहे. गुलाबाच्या कुळातला, प्रुनस वंशातला, आणि त्यातही जर्दाळूच्याच गटातला. सीबोल्ड नावाचा डॉक्टर नागासाकीच्या डच वखारीत होता, त्याने १८३० मध्ये याला आर्मेनियाका मुमे असं नाव दिलं, म्हणजे सरळ जर्दाळूतच घातलं, आणि नंतर त्याने आणि झुकारिनीने मिळून ते प्रुनस मुमे केलं, आजही तेच चालतं. मुमे हा उमेचाच जुना जपानी उच्चार. झाड मूळचं चीनचं, तिकडे मेई म्हणतात, जपानात ते फार जुन्या काळी तिकडूनच आलं.

आता हे सगळं आपल्याला कशाला हवं? तर जानेवारीत झाडावर एक पान नसतं आणि साकुरा (जपानी चेरी), पीच, जर्दाळू, उमे सगळे काड्यांचे सांगाडे सारखेच दिसतात, आणि जपानात म्हणच आहे की साकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणाराही मूर्ख. साकुराची जखम लवकर कुजते, उमे मात्र छाटला नाही तर नुसतं जंगल होतं. म्हणून आधी गेल्या वर्षीची कोवळी काडी बघा. उमेची काडी हिरवी असते, निदान सावलीकडची बाजू तरी हिरवी, जर्दाळूची तांबूस तपकिरी. झाडाखाली जुनी कोय सापडली तर फारच छान, उमेच्या कोयीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, जर्दाळूची कोय त्यामानाने गुळगुळीत. फुलं उघडली की साकुराशी तर घोळ व्हायला वावच नाही, उमेचं फूल काडीला चिकटून बसतं, देठ जवळजवळ नसतोच, साकुराची फुलं लांब देठावर झुपक्याने लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला खाच असते. आणि वास! उमेचा वास दहा पावलांवरून येतो, सकाळच्या गारव्यात बागेत शिरलं की मला अजूनही दोन मिनिटं हातातलं काम सोडून उभं राहावंसं वाटतं.

उमे आहे हे नक्की झालं की त्यातला गट ओळखा. जपानी लोक फुलांच्या उमेचे साधारण तीन गट करतात. पहिला याबाई म्हणजे रानटीच्या जवळचा, काड्या बारीक, फुलं लहान आणि वासाला जोरदार. दुसरा हिबाई, याची खूण फुलाच्या रंगात नसून लाकडात आहे, काडी कापली की आतलं लाकूड लालसर दिसतं, फूल पांढरं असलं तरी लाकूड लाल असेल तर झाड हिबाईच, म्हणून नुसता रंग बघून ठरवू नका. तिसरा बुंगो, हा जर्दाळूशी संकर झालेला, पानं मोठी गोलसर, फुलं मोठी आणि उशिरा येणारी, थंडी चांगली सोसतो म्हणून उत्तरेकडच्या थंड तोहोकू भागात हाच जास्त चालतो. चीनमध्ये वेगळी, बरीच सविस्तर वर्गवारी आहे, बीजिंगच्या छेन च्युनयू यांनी त्यावर आयुष्य घातलं आणि १९९८ पासून जगभरच्या मेईच्या वाणांची नोंदणी चीनकडेच आहे, पण घरच्या झाडापुरतं हे तीन गट पुरे.

फळांसाठी झाड असेल तर वाणाचं नाव शोधाच, पाटी नसेल तर घरमालकाला किंवा शेजारच्या आजोबांना विचारा. आमच्याकडे मिनाबे-तानाबे भागात सगळा नान्को, १९६५ ला नोंदणी झालेला वाण, मऊ आणि पातळ सालीचा. पण नान्कोला स्वतःचे परागकण चालत नाहीत, एकटं झाड कितीही फुललं तरी फळधारणा नावापुरतीच. शिराकागाचं तर अजून अवघड, त्याचे परागकण चालतच नाहीत, म्हणजे तो दुसऱ्याला देऊही शकत नाही, त्यामुळे नान्को आणि शिराकागा शेजारीशेजारी लावून वाट बघत बसू नका. जवळ र्युक्यो कोउमे सारखं बारीक फळाचं झाड लावा, त्याला पराग भरपूर आणि ते एकटंही फळतं. मात्र दोघांची फुलायची वेळ जुळायला हवी, फुलं झडून गेल्यावर दुसरं झाड फुललं तर काय उपयोग. जागा एकाच झाडाची असेल तर परागी वाणाची एक फांदी कलम करून टाका, किंवा दुसऱ्याच्या झाडावरची फुललेली फांदी बादलीत पाण्यात ठेवून आपल्या झाडाखाली ठेवली तरी मधमाशा बाकीचं करतात. फक्त साधारण १० डिग्रीच्या खाली मधमाशी बाहेर पडत नाही, तशा दिवसांत दुपारी मऊ ब्रशने हाताने पराग लावायला लाजू नका.

आता छाटणी. फळाच्या झाडाची फुलं फुगायच्या आधी, म्हणजे उशिरात उशिरा जानेवारीत उरका, शोभेच्या झाडाची फुलं संपल्या संपल्या. द्राक्षाची सवय असलेल्यांना खास सांगतो, इथे लांब जाडजूड काडी म्हणजे मालकाडी (फळ देणारी काडी) नाही. चांगलं फळ बोटभर आखूड काड्यांवर येतं, आणि नेमक्या त्याच वाळक्या काट्यासारख्या दिसतात म्हणून नवा माणूस त्याच साफ करून टाकतो, पुढच्या वर्षी फूल नाही ते यामुळेच. सरळ आभाळाकडे गेलेले वॉटर शूट बुडातून काढा, मधल्या लांबीच्या काड्यांचा शेंडा मारा, आतपर्यंत ऊन जाईल इतकं मोकळं करा. झाड बरीच वर्षं सोडलेलं असेल तर एका वर्षात अर्धं उतरवू नका, दोन-तीन हिवाळे घ्या, आणि मोठ्या जखमांना पेस्ट लावा.

छाटताना बारीक काड्यांवर अंगठीसारखं करड्या रंगाचं कडं दिसलं तर ती काडी कापून जाळा, ती केसाळ अळीची अंडी असतात, एप्रिलमध्ये तीच जाळी करून पानं फस्त करतात. खोडावर पांढरा चुना उडाल्यासारखं दिसलं तर खवले कीड, कडक ब्रशने घासून काढा, फवारणी करायचीच तर उमेसाठी लेबल असलेलंच औषध आणि फुलांच्या आधी, फुलात अजिबात नको, मधमाशा मरतील. बुंध्याशी भुशाचे दोरे बाहेर आलेले दिसले तर तो लाल मानेचा खोडकिडा असू शकतो, २०१२ पासून जपानात पसरतोय, आपल्या आपण काही करत बसू नका, नगरपालिकेच्या शेती विभागाला फोटो पाठवा.

हिवाळा उबदार गेला तर फुलं लवकर येतात आणि बऱ्याच फुलांत मधली स्त्रीकेसर खुंटलेली असते, ती फळं धरतच नाहीत. २०२४ मध्ये वाकायामात असंच होऊन पीक पडलं, बाग बघवत नव्हती. त्यामुळे यंदा पाच-पन्नास फुलं उघडून बघा, मधे हिरवट दांडी आहे का ते, म्हणजे आधीच अंदाज येतो.

गावाकडून विचारणारे खूप आहेत की इथली काडी आणून नाशिकला लावू का. नका. एक तर तिथली थंडी याला पुरेल अशी नाही, आणि दुसरं, बॅगेतून काडी आणणं कायद्यानेही चालत नाही, परवाना आणि क्वारंटाइन लागतं. इथेही अनोळखी झाडाची काडी कलमाला घेऊ नका. टोक्योजवळ ओमे शहरात २००९ ला उमेवर प्लम पॉक्स व्हायरस सापडला, तो माव्यामुळे पसरतो तसाच कलमातूनही जातो, शेवटी २०१४ ला तिथली प्रसिद्ध बाग सगळी तोडावी लागली. नर्सरीतलं नाव लिहिलेलं रोप घ्या, पाणी न साचणारी जागा बघा, आणि डोळे फुगायच्या आधी लावून टाका.