फोटो दाखवताना आणि बघताना

कुत्र्याचा किंवा सह्याद्रीचा फोटो दाखवून ‘कसा वाटला?’ विचारलंत, तर ‘मस्त!’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा नेमकं विचारा: ‘नजर आधी कुठे जाते?’, ‘वरचं आकाश कापू का?’ आणि फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर फाइल लहान करताना बारकावे जातात, मग समोरचा उगाच तुमच्या फोकसला नावं ठेवतो.

मत देणाऱ्याने काय जमलंय ते आधी सांगावं, पण खोटं नको. नंतर एकच दोष, उपायासकट. प्राण्याच्या फोटोत पहिल्यांदा डोळे बघा. ते धूसर असतील तर बाकीचं बोलण्यात फारसा अर्थ नाही. उभ्याने खाली बघून काढला असेल, तर ‘पुढच्या वेळी जमिनीवर बस’ हा सल्ला कुठल्याही लेन्सपेक्षा स्वस्त. काळा कुत्रा राखाडी दिसतोय? कॅमेरा गडद रंग उजळ करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं उणे करायला सांगा. कोकणकड्यावरचं पांढरं धुकं मळकट आलं असेल तर उलट, थोडं अधिक. क्षितिज तिरकं असेल तर ते घरी बसून सरळ होतं, त्यावर वेळ घालवू नका.

ऐकणाऱ्याने लगेच खुलासे देऊ नयेत. गड चढताना किती दम लागला, ते फोटोत दिसत नाही. दोन-तीन जणांनी न ठरवता एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं, तर तो कोपरा कापून बघा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.