गोदामातल्या दिव्यांचं वायरिंग: या चुका टाळा

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेल्या प्रत्येकाने ‘गोडाऊन वायरिंग’ सरावाच्या बोर्डावर कधी ना कधी जोडलेलं असतं. दारातला पहिला स्विच वन-वे, म्हणजे साधा चालू-बंद. पुढचे सगळे टू-वे, म्हणजे कॉमन टर्मिनलवर आलेली वीज बाजूच्या दोनपैकी एका टर्मिनलला देणारे. आत जाताना एकेक स्विच खाली करत गेलं की पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो, परत येताना उलट क्रमाने तेच. चार दिव्यांना एक वन-वे आणि तीन टू-वे पुरतात, आणि एका वेळी एकच दिवा जळतो.

सर्किट सुंदर आहे, पण ते एकट्या माणसासाठी आहे. आजच्या गोदामात ते जसंच्या तसं ओढणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. एक हमाल आत चौथ्या दिव्याखाली थप्पीवर चढलेला असतो. दुसरा दारातून येतो, त्याला पुढे अंधार दिसतो, म्हणून तो पहिला टू-वे स्विच परत वर करतो. दारातला दिवा लागतो आणि त्याच क्षणी आतला विझतो. पोत्यांच्या थप्पीवर, दहा-बारा फूट उंचीवर, अचानक काळोख. असं मी स्वतः पाहिलंय. तो माणूस पडला नाही, एवढंच नशीब.

म्हणून काम घेताना आधी मालकाला नाही, हमालांना विचारा: आत कुठून येता, बाहेर कुठून पडता, एका वेळी किती जण असता? दोन बाजूंना शटर असेल तर प्रत्येक गल्लीची लाइट दोन्ही टोकांना टू-वेवर घ्या. मधूनही चालू-बंद करायची असेल तर मध्ये इंटरमीजिएट स्विच (दोन वायरींची अदलाबदल करणारा) लागतो. तिथे तिसरा टू-वे बसवून काम भागत नाही.

जुनं गोडाऊन सर्किट दुरुस्तीला आलं, तर तक्रार ऐकूनच अर्धं निदान होतं. ‘पहिला दिवा विझतच नाही’ म्हणजे त्याची वायर दुसऱ्या स्विचच्या बाजूच्या टर्मिनलऐवजी कॉमनवर बसली आहे. दारातला स्विच चालू असेपर्यंत तो जळणारच. ‘दुसऱ्यापर्यंत सगळं ठीक, पुढे काहीच लागत नाही’ म्हणजे तिसऱ्या स्विचला येणारी फेज (जिवंत वायर) कॉमनऐवजी बाजूच्या टर्मिनलवर आली आहे. यात फसगत अशी, की स्विच वर असताना दुसरा दिवा व्यवस्थित लागतो. दोष स्विच खाली केल्यावरच कळतो, म्हणून प्रत्येक स्विच दोन्ही बाजूंना टाकून पाहिल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. आणि ‘आज पहिला दिवा लागत नाही, आत कुठला तरी लागतो’ ही तक्रार बहुतेक वेळा दोषाची नसतेच. काल कोणीतरी टू-वे परत न फिरवता थेट दारातला स्विच बंद करून गेलेला असतो.

टू-वेमध्ये वायर वाचवायची एक वाईट सवय आहे: फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलवर आणायचे आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये जोडायचा. दिवा लागतो, विझतोही. पण विझलेला असताना त्याच्या दोन्ही टोकांना फेज असू शकते. शिडीवर चढून होल्डरला हात लावणाऱ्याला ते कसं कळणार? एका स्विचच्या कॉमनला फेज, दुसऱ्याच्या कॉमनवरून दिव्याला वायर, दोघांमध्ये दोन वायरी, आणि न्यूट्रल थेट दिव्याला. यात तडजोड नको. साधा स्विच न्यूट्रलवर टाकणं हीदेखील हीच चूक. बंद केल्यावर एलईडी मंद जळत राहिली तर आधी हेच तपासा. स्विचमधल्या इंडिकेटरमुळेही तसं होतं.

दुसरी मोठी चूक लोडची. २०० वॅटचे १६ हाय-बे (उंच छताला टांगायचे मोठे दिवे) म्हणजे ३२०० वॅट, २३० व्होल्टला सुमारे १४ अँपिअर. ते ६ अँपिअरच्या स्विचवर चालवलेले मी पाहिलेत. शिवाय एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात. मग स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि स्विच बंद करूनही दिवे जळतच राहतात. अशा ठिकाणी स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंट झेलणारा, विजेने चालणारा स्विच) कॉइल चालवा आणि दिवे तीन फेजवर वाटून द्या.

तीन फेज आले की न्यूट्रलची काळजी दुप्पट घ्या. कॉमन न्यूट्रल डीबीमध्ये (डिस्ट्रिब्युशन बोर्डात) ढिला झाला तर ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज ४०० च्या आसपास चढू शकतं आणि एका रांगेतले दिवे एकाच दिवशी जातात. ‘दिवे निकृष्ट निघाले’ म्हणून ते बदलण्याआधी न्यूट्रल लिंकचे (सगळे न्यूट्रल जोडतात ती पट्टी) स्क्रू आवळून पाहा, अर्थातच मेन बंद करून. दोन वेगळ्या फेजचे स्विच एकाच बोर्डात शेजारी बसवू नका. त्यांच्यात सुमारे ४०० व्होल्ट असतात. आणि एका आरसीसीबीवरच्या (करंटची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर) दिव्याला दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल दिला तर लोड टाकताच आरसीसीबी ट्रिप होतो. वायरमन दिवसभर गळती शोधत बसतो, आणि गळती कुठेच नसते.

जागेबद्दल थोडक्यात. बोर्ड थप्पीमागे जाणार नाही आणि फोर्कलिफ्टचा धक्का लागणार नाही असा घ्या. पत्रा गळतो त्या रेषेखाली नको. खताच्या गोदामात पितळी टर्मिनलं हिरवी पडतात, तिथे गास्केटचा बंद बॉक्सच हवा. उंदीर असतातच, म्हणून उघडी वायर कुठेही नको, कंडुइट (वायरीचा पाइप) बोर्डाच्या आतपर्यंत घ्या.

मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारी चाचणी) करताना एलईडी आधी काढा, नाहीतर ५०० व्होल्टने ड्रायव्हर जाऊ शकतात. रीडिंग १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर सप्लाय देऊ नका. शेवटची चाचणी रात्री, शटर खाली ओढून करा. एक माणूस आत उभा करा, दुसऱ्याला दोन्ही दारांनी आतबाहेर करायला लावा, आणि आतल्याला कुठे अंधार झाला ते त्याच्याकडूनच ऐका.