ऑपरेशनपूर्वी धोक्याचे आकडे कसे विचारावेत

पित्ताशयात खडे आहेत आणि पित्ताशय दुर्बिणीतून काढायचे ठरले, की "किरकोळ ऑपरेशन आहे, धोका अगदी कमी" हे वाक्य बहुतेकांच्या कानी पडते. 'कमी' म्हणताना सर्जनच्या मनात हजारात चार असतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात शून्य. म्हणून सरळ विचारावे, "डॉक्टर, माझ्यासारख्या हजार रुग्णांपैकी किती जणांना हा त्रास होतो?" या शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण साधारणपणे हजारात तीन ते पाच असते, पित्ताशयाला तीव्र सूज असल्यास ते वाढते, त्यामुळे 'माझ्यासारख्या' हा शब्द गाळू नये.

सर्व आकडे हजारावर आणून कागदावर मांडावेत, कारण 'अडीचशेत एक' आणि 'हजारात चार' हे एकच असूनही पहिला आकडा अधिक भीतिदायक वाटतो. मधुमेहामुळे एखादा धोका दुप्पट होतो असे सांगितले, तर 'कशाच्या दुप्पट?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आकड्याच्या दोन्ही बाजू मागाव्यात. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न विचारला होता. 'शंभरातील नव्वद शस्त्रक्रियेतून वाचतात' असे सांगितल्यावर जितक्यांनी शस्त्रक्रिया निवडली, त्यापेक्षा कमी जणांनी 'दहा दगावतात' असे सांगितल्यावर ती निवडली, आणि उत्तरे देणाऱ्या डॉक्टरांचेही तेच झाले. तेव्हा डॉक्टरांना उलट बाजू विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हा प्रश्न सर्वांत जास्त राहून जातो. खड्यांचा काहीच त्रास नसलेल्या शंभर जणांपैकी दरवर्षी साधारण एक-दोघांनाच त्रास सुरू होतो, आणि म्हणूनच त्यांना सहसा थांबण्याचा सल्ला दिला जातो. पोटदुखीचे झटके एकदा येऊ लागले की मात्र हिशेब बदलतो. उपचार नाकारल्याचे परिणाम आणि पर्याय सांगणे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. मात्र अगदी दूरची शक्यता सांगण्याचे बंधन त्या निकालात नाही, त्यामुळे ती हवी असल्यास आपणच विचारावी.

भुलीचा धोका भूलतज्ज्ञांना स्वतंत्रपणे विचारावा. संमतिपत्रावर सही करण्याआधी कागदावरचे आकडे डॉक्टरांना स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवावेत आणि चुकले असेल तिथे त्यांच्याच हाताने दुरुस्त करून घ्यावेत.