पोर्टेबल छातीचा एक्स-रे दाणेदार येतोय? रिपीट घेण्याआधी या चुका तपासा

वॉर्डात जाऊन पोर्टेबल घेतला. स्क्रीनवर बरा दिसतोय, पण हृदयामागचा भाग वाळू पसरल्यासारखा. इथे पहिली चूक होते ती ब्राइटनेसवर विसंबण्याची. फिल्मच्या काळात एक्स्पोजर कमी पडलं की फिल्म पांढरी यायची, जास्त झालं की काळी. चूक लपायची नाही. सीआर-डीआर म्हणजे आताच्या डिजिटल पद्धतींत सॉफ्टवेअर सगळं सावरून घेतं. कमी पडलं तर निदान दाणे दिसतात. जास्त झालेलं बहुतेकदा नजरेला कळतच नाही. मग ‘थोडं वाढवूनच घेऊ’ ही सवय लागते, आणि ते जादा किरण पेशंटच्या अंगावर जातात. मला ही सवय सगळ्यात वाईट वाटते.

म्हणून आधी डेव्हिएशन इंडेक्स बघा, म्हणजे एक्स्पोजर ठरलेल्या लक्ष्यापासून किती ढळलं ते सांगणारा आकडा. तो शून्याच्या आसपास हवा. उणे ३ म्हणजे डिटेक्टरला (किरण टिपणाऱ्या पाटीला) हव्या त्याच्या निम्मंच पोहोचलं, अधिक ३ म्हणजे दुप्पट. कोलिमेशन (झोत हव्या भागापुरता आवळणं) चुकलं किंवा भलत्याच अवयवाचा प्रोटोकॉल निवडला तर मात्र हा आकडाही फसवतो.

मग ट्यूबपासून डिटेक्टरपर्यंतचं अंतर. खाटेच्या अडचणीत १०० सेंमीचं १३० कधी होतं ते कळत नाही, आणि तेवढ्यानेच एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) सुमारे १.७ पट लागतो. १०० वरून १८० ला गेलात तर ३.२४ पट. अंदाजाने उभे राहू नका, टेपने मोजा.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी. मऊ गादीत कॅसेट (पेशंटखाली ठेवलेली पाटी) कलली की पट्ट्या कामाचे किरणही अडवतात आणि एक्स्पोजर घटतं. त्यात ट्यूब बाजूला सरकलेली आणि अंतरही चुकलेलं असेल तर एक फुप्फुस पांढुरकं दिसतं, पाणी भरल्याची शंका येते. अशा वेळी काखेकडचे मऊ भाग बघा. त्याच बाजूचे तेही पांढरे असतील तर दोष बहुधा आपल्या मांडणीत आहे. मधला पट्टा ठीक आणि दोन्ही कडा पांढऱ्या असतील, तर फोकस्ड ग्रिड (कडांकडे पट्ट्या तिरक्या होत जाणारी) उलटी लागली आहे का ते पाहा. यातलं काहीच एमएएस वाढवून सुटत नाही. कॅसेट सरळ करा, खाली पक्का आधार द्या.

उलट चूकही होते. ८:१ ग्रिडला बिनग्रिडच्या साधारण चौपट एमएएस लागतो. ग्रिड काढली आणि सेटिंग तसंच ठेवलं, तर पेशंटला गरजेच्या चौपट डोस जातो आणि प्रतिमा मात्र छान दिसू शकते.

केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज, ज्यावर किरणांचं भेदन ठरतं) आणि एमएएस एकदम वाढवू नका. केव्हीपी १५ टक्के वाढवणं, म्हणजे ७० चं सुमारे ८० करणं, हे एमएएस जवळजवळ दुप्पट केल्यासारखंच आहे. भेदन पुरेसं असून दाणेच असतील तर फक्त एमएएस बदला. जाडी दर ४-५ सेंमी वाढली की तो साधारण दुप्पट धरा. जमलेलं अंतर, केव्हीपी, एमएएस आणि ग्रिड होती की नाही, हे त्या खाटेच्या नोंदीत लिहा. उद्या पहाटे त्याच पेशंटचा पुन्हा घ्यायचा असतो.